नाळेवरचा कोयता

लाँच आली आणि आमच्या अंजनवेलच्या खाडीत सगळे शहाणे झाले. त्याआधी मुंबईची आगबोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची, आम्ही पडाव घेऊन वल्ही मारत तिच्यापर्यंत जायचो, माणसं आणि ट्रंका उतरवून घ्यायचो आणि वल्ही मारत धक्क्याला परत यायचो. वारा असला तर शीड, नसला तर दंड. आमच्या बाबाने तेच केलं, मी तेच केलं, आणि माझा धाकटा भाऊ बाळा मुंबईला जाईपर्यंत तोही तेच करत होता. मी मागे सुकाणूवर बसायचो आणि तो पुढे नाळेवर, म्हणजे पडावाच्या पार टोकाला. मधे चाळीस माणसं. पाच वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो ते या चाळीस डोक्यांवरून, ओरडून. घरी जेवायला बसलो तरी आवाज खाली यायचा नाही आणि आई म्हणायची, "अरे, मी बहिरी नाय झालेय अजून."

मग बाळा मुंबईला गेला. तिथे एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. डाव्या हातात लोखंडी पट्टी धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी शिशाची अक्षरं उचलून उलटी मांडायची, असं ते काम. सुट्टीत आला की पडवीत बसून तो शेंगदाण्यांवर दाखवायचा. सुपातला एकेक दाणा चिमटीत धरून असा भरभर ओळीत मांडायचा की बघणाऱ्याला बोटं दिसायची नाहीत. छापखान्यात त्याच्याइतका हाताचा चपळ दुसरा नाही, असं त्याची बायको तुळसा सांगायची. तो नुसता हसायचा. मला त्याचा अभिमान होता आणि थोडा रागही होता, कारण नाळेवर बसायला मला पुन्हा तसा माणूस मिळाला नाही.

सन तीसच्या दिवाळीनंतर लाँच आली. वाफेची. मधे धुराडं, मागे पितळेची घंटा, आणि वर गंगाराम सारंग नावाचा मालवणकडचा माणूस. आता वल्ही मारायची गरज नव्हती. आगबोटीवरून माणसं आमच्या पडावात उतरायची, लाँच आम्हाला पंचवीस वाव लांब दोर टाकायची, तो आम्ही नाळेवरच्या खुंट्याला बांधायचो आणि लाँच आम्हाला ओढत आधी अंजनवेलच्या धक्क्याला आणि तिथून पुढे खाडीतून चिपळूणच्या बाजूला गोवळकोटापर्यंत न्यायची. याला आम्ही ओढीवर जाणं म्हणायचो. लोकांना गंमत वाटायची. मला वाटायची नाही. ज्याला स्वतःचा दम नाही असा पडाव चालवण्यात तांडेलाची काय शोभा?

गंगारामने पहिल्याच दिवशी मला तीन गोष्टी सांगितल्या. ओढीवर असताना कुणी उभं राहायचं नाही. नाळेवर प्रवासी बसवायचा नाही. आणि धार लावलेला कोयता नाळेवरच्या खुंट्याशी कायम ठेवायचा. काही विपरीत झालं तर सरळ दोर तोडायचा, लाँच थांबायची वाट बघायची नाही. तो हे चांगल्या मनाने सांगत होता, हे आज कळतं. तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं खाडीत काढलेल्या माणसाला हा बाहेरचा शिकवणार! मी म्हटलं, "ठेवतो." कोयता ठेवलाही. बाकीच्या दोन गोष्टी मी लोकांना पहिले चार दिवस सांगितल्या, मग सोडून दिल्या.

कारण लोकांना उभं राहायचंच असायचं. गोपाळगडाच्या खाली, खाडीच्या तोंडावर, एक काळा खडक आहे. आम्ही त्याला म्हातारा म्हणतो. मुंबईहून येणारा माणूस म्हाताऱ्याला नारळ दिल्याशिवाय खाडीत शिरत नाही. नारळ सोललेला हवा, शेंडी मात्र राखलेली, आणि तो द्यायचा पडावातल्या सगळ्यांत वयस्क माणसाने. बाकीच्यांनी उभं राहून हात जोडायचे आणि मग दोन्ही हात वर करून म्हाताऱ्याला "आलो रे" म्हणायचं. वल्ह्यांच्या दिवसांत आम्ही तिथे वल्ही वर घ्यायचो. पडाव उभा, माणसं उभी, सगळं निवांत. लाँच थांबत नसे. पडाव पळत असतानाच चाळीस माणसं उठायची, उजवीकडे झुकायची, पडावही तिकडे कलायचा, आणि मी सुकाणू दाबून तो सांभाळून घ्यायचो. गंगाराम पुढून हात हलवून ओरडायचा. आम्ही त्यालाही "आलो रे" म्हणायचो. सगळे हसायचे.

दुसरी एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. कोयता असो, विळी असो, कात्री असो, देणाऱ्याने खाली ठेवायची आणि घेणाऱ्याने उचलायची. हातात दिली की दोघांत भांडण होतं म्हणतात. लहानपणी एकदा मी आईच्या हातात विळी दिली तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि आम्हा दोघांवरून पाणी ओवाळून टाकलं. धपाट्याने भांडण झालं ते वेगळं. पण रीत अंगात भिनली ती भिनली, तिला डोकं लागत नाही.

सन बत्तीसचा शिमगा. बाळा आणि तुळसा दोन वर्षांनी घरी येत होते. आगबोटीच्या शिडीवरून बाळा खाली उतरला तो थेट नाळेवर जाऊन बसला, नवं धोतर आणि काळा कोट घालून. मी मागून ओरडलो, "अरे, ती पॅसेंजरची जागा नाय."

"मी पॅसेंजर कवापासून झालो?" तो ओरडला.

माझ्याकडे नाळेवर त्या दिवशी केरू नावाचा माणूस होता. त्याने आनंदाने जागा दिली आणि मधे जाऊन तंबाखू चोळत बसला. मीही बाळाला उठवलं नाही. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं. मी सुकाणूवर, भाऊ नाळेवर. जुने दिवस आले असं वाटलं.

पडाव गच्च भरला होता. ट्रंका, वळकट्या, पिंपं, शिमग्याला नवी लुगडी घेतलेल्या बायका. वयाने सगळ्यांत मोठी आमच्या वाडीतली सोनूबाई, मुलाकडे चार महिने राहून आलेली. तिला पुढे बसलं की मळमळायचं म्हणून ती मागे, माझ्या पायाशी बसली होती. लाँचने दोर ताणला, पडाव निघाला, आणि निम्म्या वाटेत सोनूबाईने पिशवीतून नारळ काढला. अख्खा, सोडणासकट.

"काशीराम, सोलून दे रे बाबा. म्हातारा आला."

माझ्याकडे मागे काही हत्यार नव्हतं. मी ओरडलो, "बाळा, कोयता धाड हकडं!"

बाळाने कोयता खुंट्याजवळून काढला आणि पुढच्या माणसासमोर ठेवला. त्याने उचलून मागच्यासमोर ठेवला. असा ठेवत-उचलत, थट्टामस्करी होत, कोयता सावकाश माझ्यापर्यंत आला. घाई कुणालाच नव्हती. मी सुकाणूचा दांडा काखेत धरला आणि तीन घावांत नारळ सोलला. हे मला चांगलं जमतं आणि लोकांनी बघितलेलं मला आवडतं. बायका "बघा, बघा" म्हणाल्या. कोयता मी पायाखालच्या फळीवर ठेवला. परत पाठवायला हवा होता, हे मनात आलं होतं. पण खडक जवळ आला होता आणि मी म्हटलं, धक्क्याला लागल्यावर देऊ.

माझी चूक इथली. इतके दिवस मी ती एवढीच समजत होतो.

दुपार टळून गेली होती. शिमग्याच्या सुमारास त्या वेळेला वायव्येचा वारा सुटतो आणि खाडीच्या तोंडावर, रेतीच्या उथळ पट्ट्यावर, लाटा मागून येतात. सोनूबाई माझ्या खांद्याला धरून उठली. तिच्याबरोबर सगळा पडाव उठला आणि उजवीकडे झुकला. तिने नारळ टाकला. लोकांनी हात वर केले. "आलो रेऽऽ!" आणि त्याच क्षणी मागून एक मोठी लाट आली आणि तिने पडाव पुढे ढकलला.

पडाव लाँचकडे धावला तसा दोर सैल पडला. त्याचं वेटोळं नाळेवर येऊन पडलं आणि काठावरून खाली, पडावाच्या पोटाखाली जायला लागलं. बाळाने ते बघितलं. छापखान्यातला माणूस असता तर बघत बसला असता. पण तो नाळेवरचा माणूस होता. नांगराचा दोर असा सैल पडला की हाताने वर ओढून खुंट्यावर वेढा टाकायचा, हे त्याने हजार वेळा केलं होतं. नांगर मात्र कधी पळत नाही. लाँच पळत होती. त्याने दोर उचलला, वेढा खुंट्यावर चढवला, आणि वेढ्याखालून हात काढायच्या आत लाँचने दोर ताणला.

त्याची किंकाळी मी ऐकली, पण लोकांच्या "आलो रे"मध्ये ती बाकीच्यांना कळलीच नाही. मी बघितलं तर तो गुडघ्यावर बसला होता, तोंड आमच्याकडे, पाठ लाँचकडे, आणि उजवा हात मागे खुंट्यावर. मनगटापासून पुढचा हात दोराखाली दिसत नव्हता.

"बसा!" मी ओरडलो. "सगळे खाली बसा!"

लोक बसले, पण गडबडीत; पडाव आणखी कलला आणि पाणी आत आलं. आता मला सुकाणू सोडता येत नव्हतं. हे नीट सांगतो, कारण पुढे पुष्कळांनी मला विचारलं की तू स्वतः का धावला नाहीस. ओढीवरचा पडाव सरळ ठेवावा लागतो. तो जरासा आडवा झाला की दोर त्याला आडवाच ओढतो आणि पालथा घालतो. मागून लाटा येत होत्या, चाळीस माणसं आत होती, त्यांत लहान पोरं, आणि दोर आडवा झाला असता तर नाळेवरून घासत जाऊन बाळाचा हात खांद्यापासून तोडून नेला असता. मी दांडा दोन्ही हातांनी धरून उभा होतो. माझा भाऊ माझ्यापासून बत्तीस फुटांवर होता.

पुढच्या चार पुरुषांनी दोर ओढून बघितला. लाँचच्या ताकदीपुढे चार माणसं म्हणजे काय? केरूने पागोटं सोडलं आणि ते हलवत लाँचकडे बघून बोंब मारली. इतरांनीही हात हलवले. लाँचच्या मागच्या बाजूला घंटेपाशी एक खलाशी बसला होता. त्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही रोजच त्या जागी हात हलवायचो. त्यानेही हात हलवला आणि परत पुढे तोंड केलं.

"कोयता!" तुळसा ओरडली. ती नाळेच्या अलीकडे, तीन-चार माणसं सोडून बसली होती. "भावजी, कोयता!"

मी पायाने कोयता वर ढकलला, एका हाताने घेतला आणि पुढे सोनूबाईकडे दिला. "पुढं द्या! लवकर! दोर तोडायचाय!"

आणि तो कोयता पुढे जायला लागला. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून सांगतो. सोनूबाईने तो वळकटीवर ठेवला. पुढच्या बाईने उचलला आणि ट्रंकेवर ठेवला. ट्रंकेशेजारी रावजी बसला होता, म्हातारा नाही, चांगला पन्नाशीतला धडधाकट माणूस, पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेला. त्याच्या पाठीमागची बाई तो ट्रंकेवरून उचलून घाबरत त्याच्या हातात द्यायला गेली तर तो म्हणाला, "हातात नको, खाली ठेव." सणाचे दिवस, भांडण नको! तिने खाली ठेवला. त्याने उचलला. पुढच्यासमोर ठेवला. लाट आली की ठेवलेला कोयता घसरायचा, मग तो शोधायचा. एकदा तो दोन ट्रंकांच्या फटीत गेला आणि यमुनाबाई नावाची एक गुहागरची बाई फटीत हात घालून चाचपत बसली. कुणी मुद्दाम करत नव्हतं. सगळे रडत होते, सगळे ओरडत होते "लवकर, लवकर", आणि प्रत्येक जण कोयता ठेवत होता आणि पुढचा उचलत होता. मी मागून शिव्या देत होतो. "हातात द्या रे, गाढवांनो! हातात द्या!" माझा आवाज पाच वर्षं त्या पडावाच्या टोकापर्यंत पोचत होता, त्या दिवशी पोचला नाही की पोचूनही उपयोग झाला नाही, ते मला सांगता येत नाही.

बाळा आता ओरडत नव्हता. तो आमच्याकडे बघत होता. प्रत्येक लाटेला दोर जरा ढिला व्हायचा आणि पुन्हा आवळायचा, आणि आवळला की त्याचं डोकं मागे जायचं. तेवढंच.

शेवटी तुळसाच उठली. माणसांवरून, पोरांवरून पाय टाकत ती मागे आली, समोर आमच्या वाडीतली चिमा कोयता खाली ठेवायला वाकली होती, तिच्या हातातून तुळसाने तो हिसकून घेतला. पात्याकडून घेतला, तळहात फाटला. तशीच परत गेली आणि दोरावर दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला दोर बंदुकीसारखा वाजला आणि पाण्यावर उडाला. पडाव एकदम मंदावला.

लाँच पुढे गेली. ओझं हलकं झालं हे गंगारामला कळेपर्यंत ती खाडीच्या आत बरीच गेली होती. आम्ही म्हाताऱ्याच्या खडकाकडे वाहत चाललो होतो. केरू आणि बाकीच्यांनी वल्ही काढली आणि पडाव सावरला. मी तेव्हाही सुकाणू सोडू शकलो नाही. तुळसाने बाळाचा हात आपल्या नव्या लुगड्याच्या पदरात गुंडाळला होता आणि पदर कुणाच्या रक्ताने भिजला होता, त्याच्या की तिच्या, ते कळत नव्हतं.

लाँच परत आली. गंगाराम आमच्या पडावात उतरला. त्याने नाळेकडे बघितलं, खुंट्याकडे बघितलं आणि कोयता पडला होता त्या जागेकडे बघितलं. अंजनवेलला डॉक्टर नव्हता. दवाखाना चिपळूणला, आणि तिथे लवकर न्यायचं तर भरतीबरोबर लाँचच न्यायची. लाँचमध्ये बॉयलर, कोळसा आणि बाकं. आडवं टाकायला जागा नव्हती, आणि बाळाला हलवलं की तो बेशुद्ध पडत होता. म्हणून धक्क्याला बाकीची माणसं उतरवली आणि त्याच तुटलेल्या दोराला गाठ मारून, त्याच खुंट्याला बांधून, लाँच आम्हाला पुन्हा ओढत निघाली. आता पडावात मी, तुळसा, केरू आणि बाळा. कुणी उभं राहिलं नाही. केरू कोयता मांडीवर घेऊन खुंट्याशी बसला होता. दोन्ही बाजूंना खारफुटी मागे जात होती, आणि पुढचा धूर आमच्या अंगावर येत होता. मला वाटत होतं, खाली उतरून ढकलावं, हाताने ओढावं, काहीतरी करावं. करण्यासारखं काही नव्हतं. लाँच जितक्या वेगाने नेईल तितक्या वेगाने जायचं होतं.

मधे एकदा बाळा शुद्धीवर आला. "दादा," तो म्हणाला, "नाळ सरळ ठेव."

"ठेवलीय रे," मी म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी चार बोटं काढली. त्यांनी काढली म्हणण्यात अर्थ नाही, दोराने आधीच काढली होती. अंगठा राहिला. बाळाने पहिला प्रश्न विचारला तो असा, "डॉक्टरसाहेब, खिळा उचलता येईल?" त्यांना खिळा म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, आणि मी सांगितल्यावर ते आत जाऊन उरलेला अंगठा पुन्हा बघू लागले.

बंदरावरचे साहेब चौकशीला आले. त्यांचा एकच मुद्दा होता, कोयता जागेवर का नव्हता? मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून बाळा म्हणाला, "मी मागं धाडला साहेब. नारळ सोलायला. दादानं मागितला नव्हता." साहेबांनी ते लिहून घेतलं. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. पण माझा परवाना गेला असता तर घरात खाणारी सात तोंडं होती, आणि बाळाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच बसलो.

छापखान्याचं पत्र आलं. जागा भरली होती. बाळा आणि तुळसा मुंबईला परत गेले नाहीत. तो पडवीत बसायचा. सूप कुणी त्याच्यासमोर ठेवत नसे. आईने शेंगदाणे घरात आणायचेच बंद केले, आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं.

मी मात्र गप्प बसलो नाही. धक्क्यावर, देवळात, दुकानात, जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो. "माणसाचा हात जातोय आणि हे लोक कोयता खाली ठेवतायत! काय म्हणावं या अडाण्यांना?" रावजीला तर मी भर पालखीपुढे सुनावलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. चिमाच्या नवऱ्याशी माझं बोलणं बंद झालं. सोनूबाई आमच्या घरी येईनाशी झाली. लोक आपसांत म्हणायचे की लाँच थांबली नाही म्हणून म्हातारा कोपला; मी म्हणायचो, म्हातारा नाही कोपला, तुमची अक्कल कोपली. बाळा पडवीतून हे सगळं ऐकायचा. कधी मला थांबवलं नाही, कधी हो म्हटलं नाही. मला वाटायचं, त्याच्या मनातलं मी बोलतोय.

नारळी पुनव आली. त्या दिवशी आम्ही दर्याला नारळ देतो आणि मग पडाव पुन्हा पाण्यात लोटतो. सकाळी अंगणात मी नारळ घेऊन बसलो होतो. ओढीवरच्या त्या दिवसानंतर मी नाळेवरचा कोयता साखळीने खुंट्याला जखडून टाकला होता; हा घरचा दुसरा. बाळा पडवीतून उतरून आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"आण, मी सोलतो," तो म्हणाला.

पाच महिन्यांत त्याने पहिल्यांदा काही काम मागितलं होतं. मला फार आनंद झाला. नारळ त्याच्या पायांत सरकवला आणि कोयता त्याच्यासमोर ठेवला. जमिनीवर.

त्याने तो उचलला नाही. डावा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"हातात दे, दादा."

आतल्या दारात तुळसा येऊन उभी राहिली होती.

"मी बघत व्हतो तवा," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, शेजारच्याची गोष्ट सांगावी तसा. "दुसरं करन्यासारखं काय नव्हतं. मोजत व्हतो. तेरा जणांनी खाली ठेवला."

"गाढवं सगळी," मी म्हटलं. "मी मागून ओरडत व्हतो, हातात द्या म्हणून..."

"पैला तू ठेवलास."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि मला ते दिसलं. मी कोयता पायाने ढकलला, एका हाताने उचलला, सोनूबाईने दोन्ही हात पुढे केले होते, तिचे म्हातारे हात, आणि मी तो तिच्या हातांच्या बाजूला, फळीवर ठेवला. दिला नाही. ठेवला. तिथून सुरुवात झाली. पुढच्या बारा जणांनी माझंच बघून केलं की आपलं आपण केलं, कोण जाणे. पाच महिने मी गावभर शिव्या घालत होतो आणि हा पडवीत बसून ऐकत होता.

"मना बोलला का नायस?" मी विचारलं.

"काय बोलू?" तो म्हणाला. त्याचा हात अजून पुढेच होता. "तू सुकाणू सोडलं नायस म्हणून वाचलो सगळे. त्ये पण बघत व्हतो."

मी कोयता जमिनीवरून उचलला. मूठ त्याच्याकडे करून तो त्याच्या डाव्या हातात ठेवला आणि त्याची बोटं मिटेपर्यंत माझा हात काढला नाही. त्याने नारळ अंगठ्याने आणि उरलेल्या तळव्याने दाबून धरला आणि पहिला घाव घातला. घाव तिरपा बसला. दुसराही. मी मदत करायला पुढे वाकलो तशी त्याने मान हलवली, म्हणून मी बसून राहिलो.

लोक म्हणतात, हातात दिलं की भांडण होतं. मी त्या दिवशी आणि त्यानंतर कितीतरी दिवस वाट बघितली. तो माझ्याशी भांडला नाही.